आधी आडनाव, मग पाणी

परळला फुटपाथवर स्वेटरवाले येऊन बसले की मुंबईत थंडी आली, असं आम्ही समजायचो. अंगाला ती कळायची नाही. वरळीच्या आमच्या चाळीत एका खोलीत सहा माणसं झोपायची. जानेवारीतही पंखा एकवर चालू असायचा आणि सकाळी नळाचं पाणी जरा गार लागलं की बाया म्हणायच्या, "काय थंडी पडलीय गं!" घरात स्वेटर असलाच तर तो पत्र्याच्या पेटीत तळाला, डांबरगोळ्यांच्या वासाचा, कोणाच्या तरी बारशाला आलेला.

त्यामुळे पप्पा दर जानेवारीत चाळीतल्या मुलांना घाटावरच्या लेण्यांवर घेऊन जायचे, त्याच्या आदल्या आठवड्यात मजल्यामजल्यावर स्वेटरची उसनवारी चालायची. हाताला आखूड, पोटाला ढगळ, कुठल्यातरी कॉन्व्हेंट शाळेचा बिल्ला शिवलेला, असे सगळे स्वेटर एका गोणीत जमा व्हायचे. मुलं जायची ती आमच्या खोलीबाहेरच्या पॅसेजमध्ये भरणाऱ्या अभ्यासवर्गाची. पप्पा सरकारी कचेरीत कारकून. संध्याकाळी सातनंतर ते मुलांचं गणित घ्यायचे आणि गणित संपलं की इतिहास. शाळेच्या पुस्तकात नसलेला.

मी पत्रकांवर वाढले. डिलाईल रोडच्या एका गल्लीत छापखाना होता, तिथून पप्पा स्वतः लिहिलेल्या पत्रकांच्या बिघडलेल्या प्रतींचा गठ्ठा घरी आणायचे. कोऱ्या बाजूवर मी मुळाक्षरं गिरवली, छापलेल्या बाजूवर वाचायला शिकले. शाळेच्या डब्यातली चपाती पत्रकात गुंडाळलेली असायची. "जागे व्हा"च्या अक्षरांवरून तेल पसरत जायचं. जरा मोठी झाल्यावर पप्पांनी मला मजकूर तपासायला बसवलं. स्वल्पविराम चुकला तर ओरडायचे नाहीत. म्हणायचे, "बघ, वाचणारा इथे अडखळला की तो आपल्याला सोडून गेला."

लेण्यांच्या वाटेचंही पत्रक असायचं. अर्ध्या पानाचं, सूचनांचं. पांढरे कपडे घालावेत. मोबाइल आणू नये. वाटेत कचरा टाकू नये. आणि शेवटी, ठळक अक्षरांत: कोणाच्याही दारात पाणी मागण्याआधी आपलं आडनाव सांगावं. आडनाव ऐकून दिलेलं पाणीच प्यावं.

पप्पांचा हा नियम पत्रकापुरता नव्हता. मी सात वर्षांची असताना त्यांनी तो माझ्या घशावर चालवला होता. आम्ही दुसऱ्याच एका डोंगरावरून उतरत होतो, बाटलीतलं पाणी संपलेलं. एका घराच्या अंगणात माणूस बसला होता, मागे पाण्याने भरलेला हंडा दिसत होता. पप्पा आधी आडनाव बोलले, मग "पोरीला घोटभर पाणी द्या" म्हणाले. तो माणूस म्हणाला, "पाणी संपलं." हंड्याकडे वळूनसुद्धा बघितलं नाही त्याने. पप्पांनी नमस्कार केला आणि आम्ही निघालो. पाणी मिळालं ते एसटी स्टँडवर. तोवर माझी जीभ टाळूला चिकटली होती, पण मी रडले नाही. ती तहान मी पुढे वर्षानुवर्षं वर्गात सांगत आले. खरं सांगायचं तर मिरवत आले.

तर ही गोष्ट गेल्याच्या गेल्या जानेवारीची. चाळ अजून पाडायची होती.

शेजारच्या खोलीतली मुलगी त्या वर्षी पहिल्यांदाच येणार होती. नऊ वर्षांची, हडकुळी, प्रश्न विचारून डोकं खाणारी. तिचे वडील ती लहान असतानाच गेले. आई लोअर परळच्या एका काचेच्या इमारतीत साफसफाईच्या कामाला. पहाटे गाडी सुटताना आई खाली आली, मुलीच्या स्वेटरची गळ्यापर्यंतची बटणं लावली आणि खिडकीतून पप्पांना म्हणाली, "भाऊ, हिचा स्वेटर काढू नका हं. दिवाळीपासून दोनदा छाती भरलीय तिची."

"वहिनी, माझ्याबरोबर आहे ती," पप्पा म्हणाले.

उजाडता उजाडता आम्ही पायथ्याला पोचलो. गाडीचं दार उघडलं आणि मुलं पुन्हा आत सरकली. अशी थंडी त्यांनी पाहिलीच नव्हती. तोंडातून वाफ निघते म्हटल्यावर दोन मिनिटं सगळ्यांनी सिगारेट ओढण्याची नक्कल केली. तळमजल्यावरचा एक जाडा मुलगा ओरडला, "ए, कोणीतरी एसी बंद करा रे!" हसून हसून सगळ्यांचे दात वाजायला लागले.

लेण्यांना समोरून पायऱ्या आहेत. हॉटेलं आहेत, मक्याच्या कणसांच्या गाड्या आहेत. पप्पा तिकडून कधी न्यायचे नाहीत. भिक्खू मागच्या धारेने चढायचे, असं त्यांचं म्हणणं. ही वाट पठारावरच्या गवतातून जाते आणि तिच्यावर कोणी भेटत नाही. खाली एकच घर आहे.

चढायला लागण्याआधी पप्पांनी गोणी काढली. "स्वेटर इथेच ठेवायचे. चढताना अंग तापतं, मग ते कमरेला बांधून फिरता तुम्ही. वर वंदना आहे. वंदनेला पांढरंच."

"पप्पा, राहू दे ना अंगात," मी म्हणाले. "वर गेल्यावर काढतील."

"आपण सहलीला आलेलो नाही," ते मुलांकडे बघून म्हणाले. मला उत्तर असलं की ते असंच मुलांकडे बघून द्यायचे. "आपल्या माणसांनी थंडीवाऱ्यात उभं राहून काय काय मिळवलंय ते आठवा. अर्धा तास स्वेटर नसला तर मरतो का माणूस?"

मुलांनी स्वेटर काढले. ती मुलगी माझ्याकडे बघत होती. मी पप्पांकडे बघितलं. त्यांनी स्वतः वाकून तिची बटणं सोडली, प्रेमाने, आणि म्हणाले, "शूर आहेस की नाही?" ती हो म्हणाली. दुसरं काय म्हणणार? गाडीवाल्याला पंक्चर काढायला हमरस्त्यावर जायचं होतं. गोणी गाडीतच राहिली आणि गाडी गेली.

थंडीपेक्षा दंवाचा घात मोठा. शहरातल्या माणसाला हे माहीत नसतं. जानेवारीत पठारावरचं गवत वाळलेलं, पिवळं आणि मुलांच्या छातीपर्यंत उंच असतं आणि पहाटे त्याच्या पात्यापात्यावर पाणी असतं. पाऊस अंगावर पडतो तेव्हा निदान कळतं. या गवतातून चालताना माणूस कमरेपासून वर, मग खाली, मग बुटात, असा चोरपावलांनी भिजत जातो. अर्ध्या तासात सगळ्यांचे पांढरे सदरे अंगाला चिकटले. पांढरं पातळ सुती कापड. त्यातून मुलांच्या बरगड्या दिसायला लागल्या.

धारेवर आल्यावर वारा लागला. धुक्यामुळे खालचं काही दिसत नव्हतं. पप्पा पुढे, हातात काठीला लावलेला निळा झेंडा. मी मागे. घोषणा सुरू झाल्या, पण मुलांचे जबडे आखडल्यामुळे शब्द अर्धवट निघत होते. जाड्याने आता विनोद करणं सोडलं होतं. दोन मुलींनी हात काखेत घातले होते आणि तशाच चालत होत्या, तोल सावरत.

लेण्यात वारा नव्हता, पण दगड होता. त्या दगडाला वर्षानुवर्षं ऊन लागलेलं नाही. चपला-बूट बाहेर, ओले मोजे बाहेर. स्तूपासमोर मुलं ओळीने बसली. त्रिशरण झालं, पंचशील झालं. मग पप्पा बोलायला उभे राहिले.

पप्पा चांगलं बोलतात. त्या दिवशीही बोलले. हे डोंगर कोणी खोदले, कोणाच्या हातांनी, आणि पुढे त्याच हातांना गावाबाहेर का काढलं. आवाज छताच्या दगडी फासळ्यांत घुमत होता. मी हे भाषण इतक्यांदा ऐकलंय की कुठे टाळ्या येतात ते मला माहीत आहे. टाळ्यांच्या जागी टाळ्या आल्या नाहीत. मुलांचे हात मांड्यांखाली होते.

भाषण संपल्यावर सगळे उठले. ती उठली नाही.

"काय गं, पायाला मुंग्या आल्या?" मी विचारलं.

ती काहीतरी म्हणाली. शब्द ओळखीचे, पण चिकटलेले, झोपेतल्यासारखे. वर चढताना ती कुडकुडत होती. आता स्थिर बसली होती. मी पप्पांना हाक मारली. ते आले, तिचा हात हातात घेऊन म्हणाले, "कापायची थांबलीय. बरं वाटतंय तिला."

तिचे ओठ जांभळे होते. मी तिच्या पोटावर हात ठेवला. पोटसुद्धा गार.

"पप्पा, हे बरं नाही," मी म्हणाले. "हिला आत्ता खाली न्यायला हवं."

त्यांनी तिच्याकडे पुन्हा बघितलं आणि मग त्यांना कळलं. माणसाचा चेहरा एका क्षणात म्हातारा होतो ते मी तिथे पाहिलं. त्यांनी काठीवरून झेंडा ओढून काढला, तिच्या अंगाभोवती दोनदा गुंडाळला आणि तिला खांद्यावर घेऊन उतरायला लागले. झेंडा तेवढाच काय तो कोरडा कपडा होता आमच्याकडे.

उतरताना मी मुलांना एकमेकांचे हात धरायला लावले. कोणी घसरलं तरी पप्पा थांबत नव्हते. मला मागून फक्त तो निळा गोळा दिसत होता आणि त्यातून लोंबणारे तिचे दोन पाय. मी मधूनमधून ओरडायचे, "बोलती ठेवा तिला!" आणि पप्पा तिला पाढे विचारायचे. सातचा पाढा. ती सात त्रिक एकवीसपर्यंत आली आणि थांबली. पप्पा म्हणाले, "सात चोक?" मग पुन्हा, "सात चोक? बोल ना बाळा, सात चोक?" त्यांचा तो आवाज मी त्याआधी कधी ऐकला नव्हता.

वाटेच्या पायथ्याचं ते एकटं घर दिसलं. कौलांमधून धूर येत होता. गाडीचा पत्ता नव्हता, फोनला रेंज नव्हती. चूल पेटलेली म्हणजे पोर वाचली, एवढंच माझ्या डोक्यात.

अंगणाच्या अलीकडे, करवंदीच्या जाळीपाशी, पप्पा थांबले. मला वाटलं दम लागला. त्यांनी तिला खाली टेकवलं, तिच्या अंगावरचा झेंडा सोडवला, घडी केली आणि स्वतःच्या सदऱ्याच्या आत, पोटाशी खोचला. मग तिला पुन्हा उचललं.

मी बघितलं. मुलांनीही बघितलं.

दारात म्हातारी आली. डोईवर पदर, हातात फुंकणी. "अगं बया!" म्हणाली. "पोर निळी पडलीया की." फुंकणी टाकून तिने दोन्ही हात पुढे केले. आणि हात पुढे करता करताच, आपल्याकडे जसं पाहुण्याला सहज विचारतात तसं, विचारलं, "कोन म्हनायचं तुमी?"

आमची मुलं अंगणात उभी होती. त्यांना हा प्रश्न पाठ होता. त्याचं उत्तर द्यायला शिकवलेलं होतं. जाड्याने तोंड उघडलेलंही मी पाहिलं. पण पप्पा आधी बोलले. त्यांनी एक आडनाव सांगितलं. ते आमचं नव्हतं. चाळीतल्या आमच्या मजल्यावर कोणाचंच नव्हतं. ज्या आडनावापुढे कुठलंच दार बंद होत नाही, असं होतं ते.

"मुंबईचे आहोत," पप्पा पुढे म्हणाले. "शाळेची सहल आहे."

"या, या. आत आना तिला."

जाडा माझ्या कानाशी लागला. "ताई, काका चुकले."

"गप बस," मी म्हणाले.

"पण ताई, काकांनीच..."

"गप म्हटलं ना!"

आत चुलीचा उजेड होता. म्हातारीने मुलीचे ओले कपडे काढले, आपल्या लुगड्याच्या धडप्याने तिला खसाखसा पुसलं आणि घोंगडीत गुंडाळून मांडीवर घेतलं. मी पायांचे तळवे चोळत होते. म्हातारीने मला सरकवलं. "असं नगं जोरात. हळू." बाकीच्या मुलांसाठी तिने अंगणात काटक्या पेटवून दिल्या. गुळाचा चहा उकळला. पप्पा उंबऱ्यावर उभे होते, ना आत ना बाहेर. एक हात पोटावर. झेंडा खाली सरकू नये म्हणून.

चहाचे दोन-तीन घोट पोटात गेले आणि मुलगी पुन्हा कापायला लागली. आधी बोटं, मग हनुवटी, मग सगळं अंग. दात कपावर वाजायला लागले. माझ्या आयुष्यात कोणाचं कापणं बघून मला इतकं हायसं वाटलेलं नाही. म्हातारीही हसली. तिची पाठ चोळत लाडाने म्हणाली, "आली बाई मानसात. नाव काय गं तुझं, सोने?"

मुलगी वर्गात सांगतात तसं बोलली. आधी स्वतःचं, मग वडिलांचं, मग आडनाव. कापऱ्या आवाजात, पण पूर्ण आणि स्पष्ट. पप्पांनी शिकवलं होतं तसं. झेंडा लपवला तेव्हा ती गुंगीत होती, पप्पा काय बोलले ते तिने ऐकलंच नव्हतं. सांगून झाल्यावर तिने उंबऱ्याकडे बघितलं, शाबासकीसाठी.

पप्पांच्या चेहऱ्यावर भीती होती. नऊ वर्षांच्या मुलीलाही ओळखू येईल इतकी सरळ भीती.

म्हातारीचा पाठीवरचा हात थांबला. नंतर तो पुन्हा फिरायला लागला. आधीसारखाच फिरत होता की नाही, हे मी शपथेवर सांगू शकणार नाही. तिने चहा संपेपर्यंत मुलीला मांडीवरच ठेवलं. मग ती पप्पांना म्हणाली, "तुमची गाडी आली का बगा, मास्तर. आमचं मालक येतील आता रानातनं."

गाडी आलीच होती. पप्पा घोंगडी सोडवायला लागले तेव्हा म्हातारीने हात आडवा केला. "ऱ्हाऊ द्या. तशीच न्या तिला."

"आम्ही पोचती करू," पप्पा म्हणाले.

"नगं. परत आनायची नाय."

निघताना मी वळून पाहिलं. मुलीने चहा प्यायलेला कप म्हातारीने चुलीपाशी ठेवला नव्हता, बाहेर पायरीवर ठेवला होता. धुवायलाच ठेवला असेल. अजूनही मी स्वतःला हेच सांगते आणि दर वेळी तो कप मला पायरीवर दिसतो.

मुलगी वाचली. आठवडाभर ताप होता, सलाईन लागलं. तिच्या आईने आरडाओरडा केला नाही. हॉस्पिटलच्या बाकावर बसून एवढंच म्हणाली, "भाऊ, मी सांगितलं होतं." पप्पा तिच्यासमोर उभे होते, शाळेत शिक्षा झालेल्या पोरासारखे.

आमचं भांडण पॅसेजमध्ये झालं, नळाच्या रांगेत, हंड्यांच्या मध्ये.

"ती दार उघडूनच उभी होती," मी म्हणाले. "हात पुढे केले होते तिने. खरं सांगितलं असतं तर कदाचित घेतलंच असतं आत."

"कदाचित," पप्पा म्हणाले.

"तुम्ही तिला तेवढी संधीही दिली नाही. आणि मुलांसमोर! पत्रकात काय लिहिता तुम्ही? मी सात वर्षांची होते तेव्हा..."

"तेव्हा तू माझी होतीस," ते म्हणाले. "माझ्या पोरीच्या तहानेवर मी माझं खरेपण जपलं. ही दुसऱ्याची पोर होती. दुसऱ्याच्या पोरीच्या जिवावर त्या म्हातारीची परीक्षा घेऊ?"

"मग मी काय होते? पत्रक?"

त्यांनी हंडा उचलला आणि गेले. मागची बाई म्हणाली, "ताई, भरणार आहेस का? नाहीतर बाजूला हो."

माझा राग गेलेला नाही आणि तो जावा असं मला वाटतही नाही. पण तो पप्पांवर आहे असं आता म्हणवत नाही. म्हातारीवर आहे असंही नाही. त्या दोघांनी मिळून आमची पोर वाचवली. राग आहे तो त्या प्रश्नावर. मरायला टेकलेलं पोर समोर असताना हात पुढे येतो आणि त्याच्याबरोबर प्रश्नही येतो, आणि विचारणाऱ्याला आपण काही वावगं विचारलं असं वाटतसुद्धा नाही. त्या प्रश्नाने तीस वर्षं पत्रकं लिहिणाऱ्या माणसाला एका करवंदीच्या जाळीपाशी झेंड्याची घडी घालायला लावली. शहरात बसून लोक मला सांगतात, आता कोण विचारतं हे सगळं? मी त्यांना त्या अंगणात घेऊन जायला तयार आहे. मात्र भिजून यायचं, थंडीत, आणि कडेवर स्वतःचं मूल आणायचं.

त्यानंतरच्या जानेवारीत पप्पांनी पत्रक काढलं नाही. गुडघे दुखतात म्हणाले. वर्ग चालू राहिला, पण गणितापुरता.

मग चाव्या मिळाल्या आणि आम्ही नव्या टॉवरमध्ये आलो. आम्ही सतराव्या मजल्यावर, ती मुलगी आणि तिची आई अकराव्यावर. इथे थंडी लागते. पहाटे समुद्राकडून वारा येतो आणि खिडकीच्या फटीतून शीळ घालतो. पप्पा सगळ्यात आधी उठून खिडक्या लावतात. घोंगडी मुलीच्या घरी आहे. तिच्या आईने दोनदा धुतली तरी धुराचा वास जात नाही म्हणे.

मागच्या महिन्यात आम्ही तिघं लिफ्टमध्ये होतो, मी, पप्पा आणि शाळेतून आलेली ती. चौथ्या बाई कोणाच्या तरी फ्लॅटमध्ये भाड्याने आलेल्या, बोलक्या. "हाय बेटा, नाव काय तुझं?"

मुलीने फक्त स्वतःचं नाव सांगितलं.

"आणि पुढे?"

पप्पांनी मान वर केली. मला वाटलं, आता बोलतील. मुलीने त्यांच्याकडे एकदा बघितलं, मग लिफ्टच्या दाराकडे. "एवढंच," ती म्हणाली. अकरावा मजला आला आणि ती उतरून गेली. पप्पा आकडे बघत राहिले, बारा, तेरा, चौदा, जणू ते चुकले तर लिफ्ट भलतीकडेच जाईल.

त्या आठवड्यात मी पत्रक लिहायला घेतलं. पहिल्यांदाच मी एकटीने. स्वेटर अंगातच राहतील, वंदनेलाही. पांढरं आत घालावं. प्रत्येकाने कोरड्या कपड्यांचा एक जोड प्लास्टिकच्या पिशवीत आणावा. गवत वाळल्याशिवाय, ऊन वर आल्याशिवाय चढायला सुरुवात होणार नाही. भाषण खाली, गाडीत. स्टोव्ह, चहा, साखर आणि घोंगड्या आपल्या आपण न्यायच्या, म्हणजे आपलं मूल दुसऱ्याच्या चुलीपुढे धरायची पाळी येणार नाही. शेवटची ठळक ओळ मी बराच वेळ लिहिली नाही. मग लिहिली, होती तशीच.

काल ते घेऊन मी अकराव्या मजल्यावर गेले. मुलीच्या आईने दारातच वाचलं, ओठ हलवत, प्रत्येक सूचनेवर थांबून.

"स्वेटर काढणार नाही ना?"

"नाही काकी. बटणंसुद्धा नाही."

"बघू," ती म्हणाली. कागद तिने परत दिला नाही, हे मी चांगलं लक्षण मानलं.

मुलगी तिच्यामागे येऊन उभी होती. अकरा वर्षांची झालीय, उंच झालीय. आईच्या हातातला कागद तिने खालून वर वाचला. शेवटची ओळ आधी.

"ताई, आडनाव सांगायलाच लागणार?"

"हो."

"कोणी विचारलं नाही तरी?"

"नाही विचारलं तरी."

"तू पण सांगशील?"

"सगळ्यात आधी मी."

तिने मान हलवली. मग माझ्या खांद्यावरून मागे पाहिलं. लॉबीत कोणी नव्हतं.

"आणि काका?"

पत्रकाची दुसरी प्रत माझ्या हातात होती. ती पप्पांसाठी होती, मजकूर तपासायला. लिफ्टने मी सतराव्या मजल्यावर गेले. पप्पा खिडकी लावत होते. मी ती प्रत त्यांच्या चष्म्याशेजारी ठेवली. आज सकाळी बघितलं, तर ती तिथेच होती, आणि वारा लागून उडू नये म्हणून तिच्यावर त्यांनी चष्म्याची डबी ठेवली होती.